तिथीने चालणारी मागणी आणि तारखेने चालणारा कारखाना

पुण्याजवळच्या एका मध्यम आकाराच्या खाद्यपदार्थ कारखान्यात वितरणाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा आमच्या मालाची यादी कुठल्याही मराठी घराच्या फडताळासारखी होती: पोह्यांचा चिवडा, शेव, चकली, भाजणी, साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि दिवाळीच्या सुमारास फराळाचे सगळे जिन्नस. कारखान्यातून माल भिवंडी, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर येथील डेपोंत जाई, तिथून वितरकांकडे आणि वितरकांच्या सेल्समनच्या हातून किराणा दुकानांत. रचना सर्वसाधारणच होती. तिच्यातून निघणारा परिणाम मात्र विचित्र होता. नागपूरच्या डेपोत मुदत संपत आलेल्या राजगिरा लाडवांची थप्पी लागलेली असे आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरचा वितरक तेच लाडू मिळत नाहीत म्हणून फोनवर फोन करी. विक्री विभाग म्हणे की कारखाना माल देत नाही, कारखाना म्हणे की विक्री विभाग वेळेवर सांगत नाही आणि दोघेही मिळून म्हणत की आपल्या धंद्यात मागणीचा भरवसाच नाही.

मला हे शेवटचे विधान तपासून पाहावेसे वाटले, कारण बाकी सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी होती. आमच्याकडे विक्रीचा आकडा म्हणून जो होता, तो डेपोतून वितरकाला गेलेल्या मालाचा होता. दुकानात किती माल उठला, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते. काही मोठ्या वितरकांशी बोलून त्यांच्या संगणकातल्या बिलांच्या नोंदी आणि काही ठिकाणी तर सेल्समनच्या ऑर्डरच्या वह्याच मागून घेतल्या. त्या आठवड्यांनुसार मांडल्यावर दिसले ते असे: साध्या चिवड्याची आणि शेवेची दुकानांतली विक्री सणाचे आठवडे वगळता जवळजवळ सपाट होती. आमच्याकडून वितरकाकडे जाणारा माल मात्र महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नावालाच निघे आणि अखेरच्या आठवड्यात डेपोच्या दारात गाड्यांची रांग लागे. गिऱ्हाईक दर महिन्याच्या 28 तारखेला अचानक चिवडा खायला लागते, असे तर नव्हते. विक्री प्रतिनिधींचे उद्दिष्ट महिन्याच्या हिशेबाने ठरलेले होते, ते पुरे करण्यासाठी अखेरीस ‘दहा खोक्यांवर एक फुकट’ अशी स्कीम निघे, आणि वितरक शहाणे असल्यामुळे ते स्कीमची वाट पाहत. प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरच्या बाबतीत हेच आढळले होते: बाळांचा वापर स्थिर, दुकानांची मागणी थोडी हलती, वितरकांची अधिक हलती आणि कच्च्या मालाची तर सर्वांत जास्त. पुरवठा साखळीच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण सर्रास शिकवले जाते. आमच्या कारखान्यात त्याचा अर्थ इतकाच होता की ज्याला आम्ही चंचल मागणी म्हणत होतो, तिचा मोठा हिस्सा आम्हीच तयार करत होतो.

उरलेला हिस्सा खरा होता आणि तो बहुतेक पंचांगात छापलेला होता. कारखान्याचा अंदाज मात्र इंग्रजी महिन्यांवर चाले: गेल्या वर्षीचा ऑगस्ट, त्यात काही टक्के वाढ, की झाला या वर्षीचा ऑगस्ट. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा या पद्धतीची पुरती फजिती झाली. त्या वर्षी 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत अधिक मास होता आणि निज श्रावण 17 ऑगस्टला सुरू झाला; श्रावणी सोमवारचे उपवास बहुतेक घरांनी निज श्रावणातच धरले. कारखान्याने मात्र आदल्या वर्षीच्या तारखा पाहून जुलैअखेरीलाच साबुदाणा चिवड्याने डेपो भरून टाकले होते. तो माल तीनेक आठवडे तसाच पडून राहिला आणि खरा श्रावण लागला तेव्हा डेपोत ताज्या मालाला जागाच उरली नव्हती. दिवाळीचेही तसेच झाले. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षीचा ऑक्टोबर हा दिवाळीचा महिना आणि दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर नवरात्राचा, म्हणजे उपवासाच्या मालाचा. या दोन ऑक्टोबरांची तुलना करून टक्केवारी काढण्यात काहीच अर्थ नव्हता.

म्हणून पहिले काम आम्ही केले ते जुन्या विक्रीच्या नोंदी नव्याने मांडण्याचे. प्रत्येक आठवड्याला इंग्रजी तारखेऐवजी सणापासूनचे अंतर दिले: ‘लक्ष्मीपूजनापूर्वी तिसरा आठवडा’, ‘आषाढी एकादशीचा आठवडा’, ‘निज श्रावणाचा दुसरा आठवडा’, ‘घटस्थापनेपूर्वीचा आठवडा’. अशी मांडणी केल्यावर जी वर्षे एकमेकांशी मुळीच जुळत नव्हती, ती बऱ्यापैकी एकमेकांवर बसू लागली. त्यासाठी कुठलीही महागडी संगणकप्रणाली लागली नाही. एक साधा तक्ता, पुढच्या तीन वर्षांचे पंचांग आणि हिशेब विभागातला एक चिकाटीचा तरुण एवढ्यावर काम भागले. ज्या आठवड्यांत विक्री काही बाहेरच्या कारणाने बिघडली, त्यांच्यावर वेगळी खूण करायची, हा नियमही तेव्हाच केला आणि तो पुढे उपयोगी पडला. 3 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर जाहीर झाले आणि पाकीटबंद नमकीनवरचा कर 22 सप्टेंबरपासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येणार हे कळले. मधल्या काळात वितरक आणि दुकानदार दोघांनीही खरेदी आखडती घेतली, जुन्या दराचा माल अंगावर नको म्हणून; आणि 22 तारखेला, जी नेमकी घटस्थापनाही होती, सगळ्यांनी एकदम ऑर्डरी टाकल्या. या आठवड्यांवर खूण नसती तर पुढच्या वर्षीच्या अंदाजात एक खोटा खड्डा आणि एक खोटा डोंगर कायमचा राहिला असता.

त्यानंतर मालाची विभागणी केली. वर्षभर एकसारखा खपणारा, तिथीप्रमाणे खपणारा आणि केवळ दिवाळीचा, असे तीन गट पाडले आणि तिन्हींना एकच नियम लावण्याची जुनी सवय सोडली.

वर्षभर खपणाऱ्या मालासाठी उपाय सोपा होता, तो अमलात आणणे अवघड होते. पूर्वी तयार झालेला माल जागा मोकळी करण्यासाठी लगेच डेपोंना वाटून टाकला जाई. एकदा माल नागपूरला गेला की पुण्याहून सुमारे 700 किलोमीटरवरून तो परत आणणे परवडत नाही, म्हणजे वाटपाचा निर्णय जितका लवकर, तितकी चूक महाग. आम्ही मुख्य साठा कारखान्याच्या गोदामातच ठेवायला सुरुवात केली आणि डेपोत फक्त पुढची गाडी येईपर्यंत पुरेल इतकाच माल व त्यावर थोडा राखीव साठा ठेवला. यामागचे गणित जुने आहे: चार ठिकाणची मागणी सारखीच अस्थिर असेल आणि एकमेकांवर अवलंबून नसेल, तर चार ठिकाणी वेगवेगळा ठेवावा लागणारा राखीव साठा एका ठिकाणी ठेवल्यास निम्म्यावर येतो, कारण एकीकडची तेजी दुसरीकडच्या मंदीने भरून निघते. मात्र हे सूत्र सांगणारे पुष्कळदा त्यातली अट सांगायला विसरतात. दिवाळीत मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर एकाच वेळी चढतात. तिथे एकाचे दुसऱ्याने भरून निघत नाही आणि साठा एकत्र ठेवण्याचा फायदाही जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून हा नियम आम्ही साध्या मालापुरताच ठेवला.

कागदावर हे झाल्यावर खरा प्रश्न विक्री विभागाचा होता. महिनाअखेरची स्कीम बंद करायची म्हणताच बैठकीत जी शांतता पसरली, ती मला चांगली आठवते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते: स्कीम नसेल तर वितरक त्याचे भांडवल स्पर्धकाच्या मालात गुंतवेल. आमचे संस्थापक, ज्यांना कारखान्यात सगळेच काका म्हणतात, यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “वितरकाच्या गोदामात पडलेला आपला माल विकला गेला असे तुम्ही धरता, पण तो खवट झाल्यावर परत कोणाकडे येतो?” परतीच्या मालाच्या क्लेमची फाईल समोरच होती. शेवटी तोडगा निघाला तो असा: स्कीमचे पैसे कमी करायचे नाहीत, पण ते वितरकाने आमच्याकडून किती उचलले यावर न देता, त्याने दुकानांत किती विकले यावर आणि वर्षभर समान दराने द्यायचे. प्रतिनिधींचे उद्दिष्टही आठवड्यांत वाटले आणि ते दुकानांतल्या विक्रीशी जोडले. त्याबदल्यात वितरकाला ठरलेल्या वारी, न चुकता, थोड्या मालाची गाडी मिळेल, अशी हमी दिली. पहिले दोन-तीन महिने आमची कागदावरची विक्री घसरली, कारण वितरक आधीचा साचलेला माल संपवत होते. त्या काळात मालकांनी धीर धरला नसता तर सगळे तिथेच थांबले असते. लहान वितरकांना ही पद्धत लवकर पटली. ज्यांचे भांडवल महिनाअखेरीस अडकून पडे, त्यांना तेच पैसे महिन्यातून अनेकदा फिरवता येऊ लागले. मोठ्यांपैकी काहींनी अखेरपर्यंत कुरकुर केली आणि एक-दोन सोडूनही गेले.

ठरलेल्या दिवशी गाडी पाठवायची म्हणजे ती अर्धी रिकामी जाणार, अशी वाहतूक विभागाची भीती होती. इथे आमच्या मालाचा स्वभाव समजून घ्यावा लागला. चिवडा हा धंद्यातला सर्वांत फसवा माल आहे. पाकिटात हवा किंवा नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आयशर गाडी आकाराने खचाखच भरते तेव्हा तिच्या वजनक्षमतेचा बराच भाग शिल्लक असतो. भाजणीचे पीठ, चिक्की आणि लाडू यांचे नेमके उलटे. वजन लवकर भरते, जागा उरते. पूर्वी उत्पादन ज्या दिवशी जे होई, त्याची गाडी लागे: आज सगळा चिवडा, उद्या सगळे पीठ. आम्ही प्रत्येक गाडीत तळाला पीठ, चिक्की आणि वर चिवडा-शेव असे मिश्रण करायला लागलो. एकाच फेरीत सगळे जिन्नस पोहोचू लागले आणि भाड्याचा खर्च वाढला नाही. खोक्यांची मापे मात्र बदलावी लागली, कारण जुने खोके एकमेकांवर नीट बसत नसत आणि खालचे चेपले जात. कोल्हापूरच्या गाडीवर गोव्याच्या वितरकाचा मालही घेऊ लागलो. गोव्यात स्वतःचा डेपो काढण्याचा विचार झाला होता, पण दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच डेपोला माल पाठवतानाही करासहित बीजक करावे लागते, आणि तिथली विक्री पाहता ती उठाठेव परवडणारी नव्हती.

या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग वारीचा. उपवासाच्या मालाचा पहिला मोठा हंगाम आषाढी एकादशीचा, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की ही मागणी एका जागी नसते, ती चालते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस अशी जाते. तुकाराम महाराजांची लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी. ज्या गावात मुक्काम, तिथे एका दिवसात जेवढे राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की लागते, तेवढी त्या गावाला एरवी कित्येक आठवडे लागत नाही. विकत घेणारे बहुतेक वारकरी नसतात. अन्नदान करणारी मंडळे, पतसंस्था, गणेश मंडळे आणि गावचे व्यापारी ठोक भावाने घेऊन वाटप करतात. आम्ही पूर्वी हा माल पुणे आणि सोलापूर या दोन टोकांना भरून ठेवत असू आणि मधल्या गावांतले वितरक रस्ते बंद झाल्यावर माल मागत. पालखी मार्गावरची वाहतूक वळवली जाते, त्यामुळे पालखीच्या मागून गाडी पाठवणे अशक्यच. माल नेहमी पालखीच्या पुढे असायला हवा. त्यामुळे आता मुक्कामांचे वेळापत्रक जाहीर झाले की वितरणाचे वेळापत्रक त्यावरून बनते, आणि प्रत्येक गावाचा माल पालखी येण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचतो. उरलेला माल वितरकाने परत पाठवायचा नाही, तर छोट्या टेम्पोने पुढच्या मुक्कामाच्या वितरकाकडे द्यायचा. या दोन वितरकांत हिशेब कसा करायचा, यावरून सुरुवातीला बराच घोळ झाला. शेवटी असे ठरवले की त्या पंधरवड्यात मार्गावरचा माल आमच्याच मालकीचा राहील आणि विकला जाईल तसे बिल होईल. ज्येष्ठ वद्य एकादशी पुण्याच्या मुक्कामाच्या आसपास येते, त्यामुळे पुणे-सासवड पट्ट्यात पहिली चढ आणि पंढरपुरात दुसरी, हेही नोंदींतून स्पष्ट झाले. मंडळांना पाचशे ग्रॅमचे पाकीट नको असते, दोन लाडवांची छोटी पुडी हवी असते. म्हणून आषाढापूर्वी छोट्या पुडीचे पॅकिंग वाढवतो. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमहून येतो, तो वैशाखातच मागवून ठेवावा लागतो, नाहीतर सगळ्या महाराष्ट्राची मागणी एकदम तिथे जाऊन आदळते आणि भाव चढतो.

गणपतीत अशीच एक हालचाल मुंबईकडून कोकणाकडे होते. चाकरमानी गावी जातात, त्या दिवसांत भिवंडी डेपोकडून मुंबईतल्या काही भागांची मागणी उतरते आणि चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीची चढते. त्याच काळात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी जाहीर होते आणि पावसाने घाटांची शाश्वती नसते. त्यामुळे कोकणचा माल बंदीपूर्वी कुंभार्ली किंवा आंबा घाटातून उतरवून ठेवतो. यात फार डोके लागत नाही. तारखा पाहून निघावे लागते, एवढेच.

दिवाळीचा गट मात्र वेगळाच. इथे प्रश्न पैशांचा होता आणि तो आधी कोणी नीट मांडला नव्हता. एका उदाहरणाने सांगतो. दिवाळीची खास छपाई असलेल्या फराळाच्या पेटीवर समजा 120 रुपये नफा आहे. ती दिवाळीनंतर उरली तर ती कोणी घेत नाही आणि परतीचे भाडे, नष्ट करण्याचा खर्च धरून 280 रुपये बुडतात. म्हणजे माल कमी पडला तर पेटीमागे 120 जातात, जास्त झाला तर 280. हिशेब केला तर 120 ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे 400 ने, भागून 0.3 येतात; मागणी दहापैकी तीनच वेळा पुरी भागावी, याचा अर्थ असा की अशा पेट्या इतक्याच कराव्यात की दहापैकी सात वेळा त्या कमीच पडतील. हे ऐकून विक्री विभाग हादरला आणि ते साहजिक होते. पण त्याच हिशेबात दुसरा मार्गही दिसतो. हाच चिवडा, हीच चकली वर्षभराच्या साध्या पाकिटात भरली आणि त्यांच्या बाहेर दिवाळीचा कागदी पट्टा चढवला, तर उरलेल्या मालाचा पट्टा काढून तो नेहमीच्या दुकानांत जातो आणि बुडणारी रक्कम समजा 30 रुपयांवर येते. आता 120 ला 150 ने भागले की 0.8; म्हणजे भरपूर माल करायला हरकत नाही. तेव्हापासून आमची दिवाळी पेटी म्हणजे साधी पाकिटे, वर पट्टा आणि एक घडीचा खोका, जो डेपोतच भरला जातो. छपाईच्या देखण्या डब्यांचे प्रमाण आगाऊ नोंदणी झालेल्या कंपन्यांच्या भेटींपुरते ठेवले. अनारसे, करंजी यांसारखे कमी टिकणारे जिन्नस यात बसत नाहीत. त्यांच्या बाबतीत वसुबारसेपूर्वीचे शेवटचे काही दिवस रोजच्या ऑर्डरवर रोज तळणे, यापेक्षा चांगला उपाय आम्हाला सापडलेला नाही, आणि त्यासाठी आचाऱ्यांची दुसरी पाळी आधीपासून बांधून ठेवावी लागते.

गोदामात आधी आलेला माल आधी, हा नियम बदलून आधी मुदत संपणारा माल आधी, असा केला. दोन्ही एकच वाटतात, पण एका डेपोतून दुसऱ्या डेपोत गेलेला जुना माल तिथे ‘नवा’ म्हणून मागे रचला जातो तेव्हा फरक कळतो. शिवाय कोणत्या मार्गाला किती मुदतीचा माल चालतो, हेही ठरवले. मोठी दालने आणि क्विक कॉमर्सवाले, म्हणजे काही मिनिटांत घरपोच माल देणारी ॲप्स, मुदतीचा बराच भाग शिल्लक असलेलाच माल घेतात. त्यातच ऑनलाइन पोहोचवताना मुदतीचा किमान 30 टक्के भाग किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, अशी सूचना 2024 अखेरीस एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना दिली. त्यामुळे सर्वांत ताजा माल तिकडे, मधला डेपोंना आणि कारखान्याजवळच्या, झपाट्याने माल उठणाऱ्या पुणे-पिंपरीच्या दुकानांना त्यानंतरचा, अशी वाटणी आहे. क्विक कॉमर्सच्या ऑर्डरी मात्र अजूनही आमच्या तक्त्यात बसत नाहीत. त्यांच्या सवलतींचे दिवस त्यांच्या मनाने ठरतात आणि त्यांना तिथी नाही.

2026 ची योजना करताना पुन्हा अधिक मासाचा प्रश्न आला. त्या वर्षी 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, आषाढी एकादशी 25 जुलैला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. सगळे हंगाम पुढे सरकतात, ते तक्त्यात आपोआप सरकले. अडचण एकाच जिन्नसाची आहे: अधिक मासात जावयाला 33 अनारशांचे वाण देतात आणि तयार अनारसे व अनारशाचे पीठ या दोन्हींना मागणी येते. तिच्यासाठी आमच्याकडे फक्त दोन जुने हंगाम आहेत. 2020 चा अधिक आश्विन टाळेबंदीच्या वर्षातला, म्हणून त्याच्यावर खूण आहे. 2023 च्या अधिक श्रावणात आम्ही अनारसे फक्त पुण्यात विकत होतो. त्यातून मे महिन्याचा उकाडा, ज्यात तुपातला जिन्नस लवकर वास धरतो. म्हणून तयार अनारसे फक्त पुणे आणि मुंबईला, रोजच्या ऑर्डरवर द्यायचे, आणि नाशिक, कोल्हापूर, नागपूरला पिठाची पाकिटे पाठवायची, असे ठरले आहे. पिठाचे पहिले खोके अक्षय्य तृतीयेनंतर लगेच निघतील आणि नागपूरचा वाटा निम्माच भरायचा, उरलेला अधिक मासाच्या पहिल्या आठवड्याची दुकानांतली विक्री पाहून.